नळीतून उलटं पाणी

खुआनचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. माझा त्याच्याही आधी, पण माझं काम निव्वळ ओझ्याचं. कत्तलखान्यातून अर्धी डुकरं खांद्यावर घेऊन गाडीत टाकायची आणि चिआयी शहराच्या बाजारात एकेका गाळ्यावर उतरवायची. पाठ वाकेपर्यंत तेच केलं. ओझ्याला अक्कल फार लागत नाही, दम लागतो. खुआनच्या कामाला दोन्ही लागायचं आणि वर नाक लागायचं.

ती काम करायची त्या गाळ्यावर मी सगळ्यात शेवटी जायचो. एका बादलीत कलेजी, दुसरीत गुर्दे. गाळा सिउ-ग्वाट मालकिणीचा. ती बाळंतिणींचं जेवण करून घरोघर पाठवायची. पहिला आठवडा कलेजी, दुसरा आठवडा गुर्दे, मग कोंबडी. सगळं काळ्या तिळाच्या तेलात, जुनं आलं आणि तांदळाची दारू घालून. शिजवणं आणि गिऱ्हाईक मालकिणीकडे. गुर्दे धुणं खुआनकडे.

गुर्दा म्हणजे मूत गाळायची जागा. त्याच्या खोबणीतून एक पांढरी नळी निघते आणि खाली मुताच्या पिशवीला जाऊन मिळते. माणसाचं तसंच, डुकराचं तसंच. कत्तलखान्यातली माणसं घाईची, ती नळी बुडाशीच छाटून टाकायची. खुआनने त्यांना बजावून ठेवलं होतं, की माझ्या गुर्द्यांना बोटभर नळी ठेवायची. ठेवली नाही तर गुर्दा माझ्याच गाडीतून परत जायचा, आणि शिव्या मी खायच्या.

नळाच्या तोंडाला तिने बारीक रबरी टोक बसवलं होतं. गुर्दा डाव्या तळहातावर घ्यायचा, नळी रबरावर चढवायची, चिमटीत घट्ट धरायची आणि नळ सोडायचा. जनावर जिवंत असेतो ज्या वाटेने मूत बाहेर आलं, त्याच वाटेने पाणी उलटं आत जायचं. गुर्दा फुगायचा, फिकट पडायचा, वळलेल्या मुठीएवढा व्हायचा. नळ जोरात सोडला तर गुर्दा फुटतो. हळू सोडला तर पाणी कडेपर्यंत पोचत नाही आणि कडेलाच घाण राहते. पुरेसा फुगला की चिमटी सोडायची, पिवळट पाणी चिळकांडी मारून बाहेर. पुन्हा भरायचा, पुन्हा सोडायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग आडवा चिरून वहीसारखा उघडायचा आणि आतलं पांढरं जाळं नळीसकट एका तुकड्यात काढायचं. जाळ्याचे दोन तुकडे झाले तर ती स्वतःवरच चिडायची. शेवटी गुर्दा नाकाशी न्यायची. पसंत पडला तर भांड्यात, नाहीतर मांजरांना.

शेजारची मासळीवाली रोज तिला छेडायची. “काय खुआनताई, आज किती जणांच्या मोऱ्या साफ केल्या?”

“तुझ्या नवऱ्याची राहिलीय. पाठव, फुकट करून देते.”

“त्याची तुझ्या नळाने साफ व्हायची नाही गं बाई!”

दोघी हसायच्या. खुआनचे हात मात्र थांबायचे नाहीत. कामाची लाज तिला कधी वाटली नाही. तिच्या मुलीला वाटायची आणि ते खुआनला माहीत होतं.

मुलीचं नाव बिन-हुई. नवरा लवकर गेला, त्यामुळे घरात दोघीच. शाळेतल्या पोरी बिन-हुईचा डबा उघडला की नाक धरायच्या. डब्यात भात आणि अंडं. वास डब्याचा नसायचा, डबा भरणाऱ्या हातांचा असायचा, निदान पोरींचं तसं म्हणणं होतं. खुआन आल्याच्या सालींनी हात घासायची, दारूने धुवायची, दात घासायची पेस्टसुद्धा चोळायची. शाळेत आयांना बोलावलं त्या दिवशी बिन-हुईने विचारलं, “आई, तुला सुट्टी कुठे मिळणार?” खुआन म्हणाली, “नाहीच मिळणार.” सुट्टी तिने आदल्याच दिवशी मागून घेतली होती. त्या दिवशी तिने घरातल्या गाद्यांच्या खोळी धुतल्या.

पुढे मुलगी शिकली, ताईचुंगला नोकरीला लागली आणि तिथल्याच त्साई घराण्यात लग्न झालं. त्यांचं चष्म्याचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. बिन-हुईने सासरी सांगितलं होतं, की आईचा बाळंतिणींच्या जेवणाचा व्यवसाय आहे. अगदी खोटं म्हणता येणार नाही. खुआननेही लग्नात तसंच हसून मान डोलावली.

ज्या हिवाळ्यात बिन-हुईला दिवस गेल्याचं कळलं, त्याच हिवाळ्यात खुआनला ताप आला. बरी होऊन कामावर आली, पण नाक गेलं होतं, कशाचाच वास येत नव्हता. हे तिने मला पुढे सांगितलं. तेव्हा कुणालाच कळलं नाही. घरी भात करपून काळा झाला तेव्हा धूर डोळ्यांत गेल्यावर तिला समजलं. तिने दारूची बाटली उघडून नाकाला लावली. पाणी. व्हिनेगर लावलं. तेही पाणी. आठवडाभर वाट पाहिली, येईल म्हणून. आलं नाही.

गुर्दे धुणाऱ्या बाईला नाक नाही, हे कळलं तर मालकीण तिला ठेवणार नव्हती. ठेवली असती तरी गिऱ्हाईक राहिलं नसतं. बाळंतिणीच्या सासवा वासाच्या बाबतीत फार कडक असतात. मुलीचं बाळंतपण तोंडावर, माहेरचा आहेर करायचा होता. खुआन गप्प राहिली. तिने पांढरं भांडं आणलं, त्यात गुर्द्याचं पाणी सोडायची आणि रंग बघायची. नळीच्या आतून बोट फिरवून बुळबुळीत लागतं का ते बघायची. पूर्वी चार वेळा भरायची, आता सहा वेळा. तिचं काम लांबलं. मालकीण म्हणाली, “वय झालं गं तुझं.” खुआन म्हणाली, “झालं खरं.”

आणि गुर्दा नाकाशी न्यायचं तिने सोडलं नाही. प्रत्येक गुर्दा न्यायची, क्षणभर थांबायची आणि भांड्यात टाकायची. एकाही घरातून तक्रार आली नाही.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी माहेराहून आहेर न्यायची आमची रीत. कोंबड्या, तिळाचं तेल, बाळाचे कपडे. नेमका सोमवार आला. सोमवारी मांसबाजार बंद, म्हणून मी मोकळा होतो, माझी गाडीही मोकळी. आदल्या दिवशी खुआन म्हणाली, “मोक, गुर्दे मी माझ्या हातचे नेणार. मालकिणीकडून नाही. निवडते पण मी आणि शिजवते पण मीच.”

“भर उन्हात कशाला गं? तिकडे मिळतील की.”

“तिकडच्यांना धुता येतात का?”

त्या रविवारी ढिगात एक जोडी फार मोठी होती. ती एका जुन्या मादीची. पिलं घालून थकलेली मादी शेवटी कत्तलखान्यात येते. तिचं मांस सॉसेजवाले नेतात, गुर्दे कुणी घेत नाही. चुकून आले असतील. अशा मादीचा वास मांसातच मुरलेला असतो, कितीही पाणी भरा. नाक असलेल्या बाईने ती जोडी हातात घेताच बाजूला ठेवली असती. खुआनने ती मुलीसाठी बाजूला ठेवली. नळी जाड होती, रबरावर छान चढत होती, पाणी पहिल्याच खेपेला कडेपर्यंत गेलं. गुर्दा फुटला नाही, जाळं एका तुकड्यात निघालं. तिला वाटलं, इतकं देखणं काम आपल्या हातून कधी झालं नाही.

सोमवारी सकाळी ती फडक्यात बांधलेलं भांडं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. वाटेत मला वास आला. डुकरांच्या गाडीला मुताचाच वास असतो. मी काच खाली केली आणि विसरलो.

त्साईंच्या घरी बाळंतिणीची खोली गच्च बंद होती. वारा लागू नये म्हणून खिडक्यांना पडदे, दाराला पडदा. बिन-हुई डोक्याला फडकं बांधून पलंगावर. तिच्या सासूबाई, त्साईबाई, बाळाला घेऊन उभ्या. कोपऱ्यात खुर्चीवर आजेसासू. मी कोंबड्यांची टोपली धरून दारात थांबलो. पुरुषमाणसाने त्या खोलीत फार आत जायचं नसतं.

“विहीणबाई, एवढं सगळं आणलंत!” त्साईबाई म्हणाल्या. “बसा आधी.”

“आधी तिला गरम गरम खाऊ दे,” म्हणत खुआनने झाकण काढलं.

बंद खोलीत तो वास एका क्षणात भरला. मी कत्तलखान्यात आयुष्य काढलं, तरी माझा श्वास अडला.

“अगबाई,” म्हातारी म्हणाली, “बाळाचं दुपटं बघा कुणीतरी.”

त्साईबाईंनी हातातल्या बाळाला वर धरून हुंगलं. “नाही आई, कोरडं आहे.”

खुआन भांड्यावर वाकली होती. वाफ तोंडावर घेत ती म्हणाली, “आल्याचा वास कसा सुटलाय बघा! जिन्यातच भूक लागली असेल सगळ्यांना.”



“आल्याचा?” म्हातारी म्हणाली. “तुमच्याकडे आलं मोरीत लावतात का हो?”

“आजी!” बिन-हुई ओरडली.

खुआनच्या तोंडावर हसू तसंच राहिलं. तिने त्साईबाईंकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. मी मान खाली घातली. तेवढ्यात तिला कळलं. हातातलं झाकण तिने भांड्यावर ठेवलं, पण ते तिरकं बसलं, ते तिला नीट बसवता येईना.

त्साईबाई भल्या होत्या. म्हणाल्या, “अहो, लांबचा प्रवास. गरम भांडं बंद राहिलं की असं होतं कधी कधी. त्यात काय एवढं.”

“हो ना,” खुआन घाईघाईने म्हणाली. “त्यात ह्याची गाडी. रोज डुकरं वाहतो तिच्यातून. तोच वास बसला भांड्याला. मी म्हणत होते, आगगाडीने जाऊ म्हणून.”

ती तसं म्हणाली नव्हती. मी टोपली खाली ठेवली.

“डुकरांची गाडी?” म्हातारी पुढे झुकली. “बाळंतिणीचं जेवण डुकरांच्या गाडीतून आणलंत? आणि तुमचा तो व्यवसाय म्हणजे नक्की काय हो?”

 उत्तर बिन-हुईने दिलं. ती पलंगावर नीट उठून बसली आणि म्हणाली, “आजी, माझी आई बाजारात गुर्दे धुते. दुसऱ्याच्या गाळ्यावर. मी लहान असल्यापासून. चिआयीत तिच्यासारखे गुर्दे कुणाला धुता येत नाहीत. तिच्या हातच्या गुर्द्याला वास येऊच शकत नाही. गाडीचाच आहे तो.”

मग तिने झाकण काढलं, जेवायच्या काड्यांनी एक मोठा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

“थुंक,” खुआन म्हणाली.

बिन-हुई चावत राहिली.

“हुई, थुंक गं ते.”

तिने गिळलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही. “चांगलं झालंय,” ती म्हणाली.

खुआनने तिच्या हातातून काड्या काढून घेतल्या, भांडं फडक्यात बांधलं आणि त्साईबाईंना वाकून नमस्कार केला. एकदा, मग आणखी एकदा, मग म्हातारीला. चहा घेतला नाही. बाळाला हातात द्यायला गेले तर म्हणाली, “नको, माझ्या हातांना वास आहे,” आणि लांबूनच बघितलं. इतक्या वर्षांत तिला मी थकलेली बघितली, चिडलेली बघितली. अशी अंग चोरून चालताना कधी बघितली नव्हती. जिना उतरताना ती भिंतीला इतकी चिकटून होती, की कुणीतरी वरून खाली येतंय असं मला वाटलं. मागे कुणी नव्हतं.

 गाडीत तिने विचारलं, “वास येतोय का अजून?”

“येतोय.”

“सकाळी येत होता?”

“निघाल्यापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं गाडीचा आहे.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मीही तेच सांगितलं लोकांना.” आणि मग नाकाचं सगळं सांगितलं. भात, दारू, व्हिनेगर, पांढरं भांडं. मोठी जोडी कशी निवडली तेही सांगितलं. नळी करंगळीएवढी जाड होती म्हणाली.

“मादी होती ती, खुआनताई. जुनी.”

“ते आता कळून काय उपयोग?”

कालव्याशी तिने गाडी थांबवायला लावली आणि भांडं रस्त्याकडेला ओतलं. एक कुत्रा आला आणि सगळं चाटूनपुसून खाऊन शेपूट हलवत आणखी मागत उभा राहिला. तिने भांडं कालव्यात विसळलं, पुन्हा विसळलं.

“माझ्यावर ढकललंस त्याचं काही नाही,” मी म्हणालो. “गाडीला काय, ती ऐकत नाही.”

“तुझं नाही रे,” ती म्हणाली. “तिने गिळलं. मी थुंक म्हणत होते तरी गिळलं. माझ्या खोट्यासाठी गिळलं पोरीने.”

मंगळवारी गाळ्यावर मी कलेजीची बादली उतरवत असताना ती मालकिणीसमोर जाऊन उभी राहिली. “मालकीणबाई, मला वास येत नाही.”

“कशाचा?”

“कशाचाच नाही.”

“सर्दी असेल.”

“हिवाळ्यापासून.”

मालकिणीने हातातली सुरी खाली ठेवली. “आणि रोज नाकाशी नेतेस ते गं?”

“सवय.”

“सवय कसली! नाटक म्हण.” मालकिणीचा आवाज चढला, मग मासळीवालीकडे बघून एकदम खाली आला. “बाळंतिणी खातात माझ्याकडचं, खुआन. कुणाला काही झालं असतं म्हणजे? लोकांनी मला जोड्याने मारलं असतं.”

“म्हणून तर सांगितलं.”

“उशिरा सांगितलंस.”

“उशिरा सांगितलं,” खुआन म्हणाली.

मालकिणीने तिला काढलं नाही. आलं सोलायला आणि भांडी घासायला बसवलं, मजुरी कमी केली आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं. गुर्द्यांवर दुसरी बाई आली. खुआन नळाकडे पाठ करून बसायची. नळ जास्त सोडला की पाण्याच्या आवाजावरून तिला कळायचं. सोलणारा अंगठा थांबायचा, मान जराशी वळायची, आणि पुन्हा सोलणं सुरू. मासळीवालीने एकदा नेहमीसारखं छेडलं, “मोऱ्या साफ करायचं सोडलंस की काय?” खुआन नुसती हसली. उलटं उत्तर तिने दिलं नाही, तेव्हापासून मासळीवालीनेही छेडणं सोडलं.

नाकाच्या डॉक्टरने नाकात नळी घालून बघितलं आणि गेलेलं नाक परत येणार नाही म्हणून सांगितलं.

मालकिणीला सांगितलं, मला सांगितलं. मुलीला मात्र तिला सांगता येईना. बिन-हुई फोन करायची. फोनवर तिचं हसणं मला लांबूनसुद्धा ऐकू यायचं. “आजी अजून मोककाकांच्या गाडीबद्दल बोलते गं! कुणी पाहुणा आला की सांगते.” खुआन म्हणायची, “म्हातारं माणूस आहे, बोलू दे.” फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायची नाही. मी एकदा म्हणालो, “सांगून टाक ना. पोरगी काय खाणार आहे तुला?”

“सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली तिने,” खुआन म्हणाली. “पहिल्यांदा. ती बाजू खोटी होती, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

तिसऱ्या वर्षी बिन-हुईला पुन्हा दिवस गेले. फोन आला तेव्हा मी तिथेच शेंगा खात बसलो होतो. “आई, या वेळी आगगाडीने ये. मी सासूबाईंना सांगून ठेवलंय, माझ्या आईच्या हातचे गुर्दे एकदा खाऊनच बघा. आजीला पण खायला लावणार आहे मी.”

खुआन म्हणाली, “बरं.” फोन ठेवला. मग आठ दिवस तिचं आलं सोलताना बोट कापायचं, आधी असं कधी व्हायचं नाही.

एका सोमवारी ती मला घेऊन ताईचुंगला गेली. आगगाडीने. मुलीकडे नाही, तर बाळंतिणींना महिनाभर ठेवून घेतात अशा एका मोठ्या घरी. चकचकीत फरशी, नर्सा, बाळांसाठी काचेची खोली. खुआनने चपला दारात काढल्या. तिथली मुलगी म्हणाली, “आजी, चपला राहू द्या.” खुआनने घातल्या नाहीत. बँकेचं पुस्तक आणि सहीच्या जागी उठवायचा शिक्का तिने काउंटरवर ठेवला.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. बिन-हुईला तिथे आणलं. चौथ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, रिकाम्या हाताने.

बिन-हुई रागावली होती. “कुणाला विचारून केलंस हे? एवढे पैसे? सासूबाईंना वाटतं, आमच्या घरात काही कमी पडलं म्हणून तू मला बाहेर ठेवलंस. मी तुझ्या हातचं मागितलं होतं आई, खोली नव्हती मागितली.”

खुआन पलंगापासून लांब उभी होती. म्हणाली, “माझ्या हातचं आता कुणी खाऊ नये. मला वास येत नाही. मागच्या वेळीही येत नव्हता. गाडीचं काही नव्हतं ते. गुर्देच तसे होते.” हे तिने एका दमात सांगितलं, पाठ करून आल्यासारखं, फरशीकडे बघत.

 बिन-हुई माझ्याकडे वळली. “मोककाका, तीन वर्षं तुमच्या गाडीला नावं ठेवतात आमच्याकडे.”

“ठेवू दे. ती गाडी विकली मी.”

ती हसली नाही. आईकडे बघत म्हणाली, “मला माहीत होतं आई, गाडीचा नव्हता तो वास. तोंडात घातला तेव्हाच कळलं. लहानपणापासून ओळखते मी तो. नीट न धुतलेल्या गुर्द्याचा. मला वाटलं, लोकांच्या बाळंतिणींसाठी तू रोज नीट धुतेस आणि माझ्या वेळी घाई केलीस. शाळेत तुला येऊ दिलं नाही, त्याचा राग असेल असं वाटलं.”

खुआनने मान वर केली. “घाई?” ती म्हणाली. “ढिगातले सगळ्यात मोठे निवडले होते तुझ्यासाठी. सहा वेळा पाणी भरलं. जाळं एका तुकड्यात काढलं.” आणि ती रडायला लागली, तोंडावर हात घेऊन, मोठ्याने, नर्स दारातून डोकावली इतक्या मोठ्याने. तिला पुन्हा लाज वाटली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बिन-हुई पलंगावरून उतरली. बाळंतिणीने इतक्या लवकर गार फरशीवर पाय ठेवायचे नसतात. नर्स ओरडली. बिन-हुईने ऐकलं नाही.

मी बाहेर जाऊन बसलो. पुरुषमाणसाचं तिथे काम नव्हतं.

बाजारात अजून लोक विचारतात, एवढी वर्षं राबून खुआनने काय केलं, घर नाही, दागिना नाही. मी सांगतो ते असं. चिआयीच्या गाळ्यावर गार पाण्यात हात घालून तिने जे साठवलं, त्यात ताईचुंगला एक खोली आली, एका महिन्यापुरती. तिला दोन खिडक्या होत्या. रात्री बाळाला बघायला नर्स होती, त्यामुळे आई झोपायची. दिवसाला पाच वेळा झाकलेलं ताट यायचं, दुसऱ्या आठवड्यात गुर्दे यायचे, दुसऱ्या कुणीतरी धुतलेले, आणि बिन-हुई ते संपवायची.